घोड्यापुढचे पाय

गावात सायकली सात-आठ असतील, पण मुंजाजीच्या सायकलीसारखी पुसलेली एकही नव्हती. रोज सकाळी तो दारात उकिडवा बसायचा आणि रॉकेलच्या चिंधीनं तिची तार न् तार घासून काढायचा. गंमत अशी, की ती त्याला चालवता येत नव्हती. कुणी म्हणालंच, "मुंजाजी, एकदा बसून तर बघ," तर तो म्हणायचा, "बसायचं माझ्या लेकरानं. माझी उमर पळण्यात गेली."

हे तो हसत सांगायचा, म्हणून ऐकणाराही हसायचा. हसण्यासारखं त्यात खरं तर काही नव्हतं.

निजामाच्या अमलात मुंजाजी त्या गावचा येसकर होता. वेशीची राखण करायची, चावडीचे निरोप पोचवायचे, मेलेलं ढोर ओढायचं, अशी सगळी कामं त्याच्या जन्माबरोबरच त्याला चिकटली होती. त्यातलं एक काम पळायचं. गिरदावर नाही तर तहसीलदार घोड्यावरून दौऱ्याला निघाला, की येसकरानं हातात काठी घेऊन घोड्यापुढं पळायचं. वाटेतली गुरं हाकायची, माणसं बाजूला सारायची, आणि पुढच्या गावच्या शिवेवर दुसरा येसकर उभा असेल त्याच्या हवाली घोडा करायचा. घोड्याच्या पायांत नाल असायचे, याचे पाय अनवाणी. तरी चाल घोड्यानं ठरवायची. मागून जनावराचा गरम श्वास मानेवर यायचा, कधी लाळ उडायची. एकदा ठेच लागून मुंजाजी पडला, तेव्हा नाल मारलेला खूर डाव्या पायाच्या बोटांवरून गेला. ती बोटं वाकडी ती वाकडीच राहिली. साहेबानं घोडा थांबवून घोड्याचाच पाय बघितला.

पुढं पोलीस ॲक्शन झाली, निजाम गेला, राज्य बदललं. घोडे मात्र तेच राहिले. मुंजाजी आणखी आठ वर्षं पळाला.

छप्पन सालच्या उन्हाळ्यात एक दिवस तो असाच तोंडाला फेस येईस्तोवर पळत गावातून गेला. केशरबाई, त्याची बायको, चार वर्षांच्या आश्रुबाला कडेवर घेऊन वेशीत उभी होती. पोरानं बापाला बघितलं, मागं घोडा बघितला, आणि आनंदानं टाळ्या पिटत ओरडलं, "माय, माय! माझा बा घोड्याच्या बी पुढं!"

लेकराच्या हिशेबानं शर्यत चालली होती आणि बाप ती जिंकत होता. मुंजाजीनं ते ऐकलं. शिवेवर पोचल्यावर तो एका धोंड्यावर बसला आणि लहान पोरासारखा रडला. पुढच्या गावचा येसकर विचारत राहिला, काय झालं, काय झालं. काय सांगणार? शिवी कुणी दिली असती तर सांगता आली असती.

त्याच साली दसऱ्यानंतर दीक्षेचं वारं गावोगाव आलं. मुंजाजीनं दीक्षा घेतली, काठी चावडीच्या ओट्यावर नेऊन ठेवली आणि घरी येऊन केशरबाईला म्हणाला, "आजपासून या घरातलं कुणी कुणापुढं पळणार न्हाई." गावानं मग त्याला काम देणं बंद केलं, हे सांगायला नकोच. दोघं नवरा-बायको येलदरीच्या धरणावर गेली. चार वर्षं दगड-मुरूम वाहिला. परत येताना मुंजाजीनं जिंतुरात एक जुनी सायकल विकत घेतली, आणि बसता येत नव्हतं म्हणून ती हातात धरून अडीच दिवस चालत गावी आणली. वाटेत लोक विचारायचे, पंक्चर झाली का? तो म्हणायचा, न्हाई, लेकराची हाय.

त्या सायकलीवर आश्रुबा सेलूच्या शाळेत गेला, मॅट्रिक झाला, आणि सेलूच्याच एका जिनिंगमध्ये कापसाच्या गठाणींवर नंबर घालायच्या कामाला लागला. आठ मैल जायचं, आठ मैल यायचं. बारा-तेरा वर्षं त्याचा पाय पायडलवरून खाली उतरला नाही म्हणा ना. मुंजाजी सकाळी उंबऱ्यात उभा राहून त्याला बघायचा. पोरगं ताठ बसून, घंटी वाजवत, पाटलाच्या ओट्यासमोरून निघून जायचं. एवढं बघितलं की मुंजाजीचा दिवस चांगला जायचा.

पंच्याहत्तर सालची दिवाळी झाली आणि त्याच्या या सुखाला दृष्ट लागली.

सकाळची वेळ होती. मुंजाजी रस्त्याकडेच्या शेतात कापूस वेचत होता. फटफटीचा आवाज आला म्हणून त्यानं मान वर केली. पाटलाचा किशनराव फटफटीवर होता, आणि त्याच्या दहा हात पुढं, बनियनवर, घामानं भिजलेला आश्रुबा पळत होता. किशनराव मागून ओरडत होता, "चल, चल! ढिला पडायलास!"

मुंजाजीच्या हातातला कापूस खाली पडला. पुढं पळणारा माणूस, मागं बसलेला माणूस. वीस वर्षांपूर्वी ओट्यावर ठेवलेली काठी कुणी तरी उचलून पोराच्या हातात दिली, असंच त्याला वाटलं. तो वेचणी टाकून घरी आला, भिंतीकडं तोंड करून पडून राहिला. तीन दिवस तो पोराच्या ताटाला ताट लावून बसला नाही, आणि सायकलही पुसली नाही. सायकल पुसलेली नाही हे बघून शेजारीपाजारी सुद्धा दबक्या आवाजात बोलायला लागले.

चौथ्या दिवशी केशरबाईचा धीर सुटला. "आवं, त्याच्या तोंडून तरी ऐका," ती म्हणाली, आणि पोराला दंडाला धरून पुढं बसवलं.

आश्रुबा मान खाली घालून बोलला. "भरती हाय बा, पोलिसाची. परभणीला. एक मैल पळायचंय, साडेसहा मिनिटांत. गेल्या साली बी गेलतो, तुमाला सांगितलं न्हाई. पाऊण मैलावर पाय आखडले न् पडलो. आता वयाची ही शेवटचीच भरती. किशनराव शाळंतला दोस्त, त्याच्याकडं घड्याळ हाय, म्हणून तो मागं येतोय."

"जिनातलं काम वाईट हाय का?"

"काम वाईट न्हाई. पण मॅट्रिक झालो तरी मला तिथं 'ए मुंज्याच्या' म्हणून हाका मारतेत, बा. वर्दी अंगावर आली तर कोण मारील?"

मुंजाजीनं पोराच्या पायांकडं बघितलं. मग त्यानं विचारलं, "परभणीला पळताना मागं कोण असतंय?"

"मागं कुणी नसतंय. समदे पोरं संगंच पळतेत. साहेब घड्याळ घिऊन नुस्तं उभं ऱ्हातेत."

"आन् एकदाच पळायचं?"

"एकदाच. पास झालं की झालं. मग ठाण्यात बसून काम."

बसून काम, हे शब्द मुंजाजीनं मनात दोनदा घोळवले. मग तो उठला, कोपऱ्यातली चिंधी घेतली आणि दारात जाऊन सायकल पुसायला लागला. पुसता पुसताच म्हणाला, "त्या किशनरावाला काय कळतंय पळायचं? उद्या मी येतो."

आश्रुबानं आधीच मैल मोजून ठेवला होता. मागच्या चाकाच्या तारेला चिंधी बांधून त्यानं सातशे वीस फेरे मोजले होते; गावच्या बारवेपासून निघालं की मैल बरोबर रेल्वेच्या फाटकाशी संपत होता. सकाळी मुंजाजी बारवेवर उभा राहिला आणि म्हणाला, पळ. पोरगं शंभर पावलं पळालं असेल-नसेल तोच त्यानं हाक मारून परत बोलावलं. त्याचा जीव कळवळला होता. पोराच्या मांड्या लाकडासारख्या घट्ट होत्या, छाती भात्यासारखी होती, पण पळणं म्हणून ठाऊकच नव्हतं. पाठीला पोक काढून, मुठी आवळून, गुडघे गोल फिरवत ते हवेतच पायडल मारत होतं.

"हँडल सोड आधी," मुंजाजी म्हणाला. "सायकलीवर दम लागला तर पाय थांबवता येतेत, सायकल आपली पुढं जात ऱ्हाती. हितं पाय थांबला की तू थांबलास. हितं तुला कुणी वाहून न्यायलं न्हाई."

त्यानं पिंपळाची दोन पानं तोडली आणि पोराच्या दोन्ही मुठींत एकेक दिलं. पळून आल्यावर पान चुरगळलेलं दिसता कामा नये. येसकरांची ही जुनी युक्ती. मूठ ढिली राहिली की खांदा ढिला राहतो आणि खांदा ढिला असला की दम पुरतो. तीन पावलांत श्वास घ्यायचा, तीन पावलांत सोडायचा. मागं बघायचं नाही. पहिला चौथा हिस्सा रडतखडत गेलं तरी चालेल, शेवटच्या चौथ्यासाठी ठेवायचं. ही विद्या मुंजाजीला कुणी शिकवली नव्हती. घोड्यानं शिकवली होती.

घड्याळ तर लागणारच होतं. मुंजाजी स्वतः पाटलाच्या दारात गेला. किशनराव फटफटी पुसत होता. "मुंजाबा, मी मागं मागं येऊन वेळ सांगतो की," तो म्हणाला. त्याच्या मनात खरंच काही नव्हतं.

"मागं नको, बापू," मुंजाजी म्हणाला. "फाटकावर उभं ऱ्हावा."

किशनराव त्याच्या वाकड्या बोटांकडं बघत राहिला. मग काय कळलं कुणास ठाऊक, पण दुसऱ्या दिवसापासून तो फटफटी घरी ठेवून चालत फाटकावर यायला लागला. मुंजाजी बारवेवरून पांढरा पटका हलवायचा, तिकडं किशनराव घड्याळ बघायचा, आणि आश्रुबा निघायचा. पोरगं पुढं गेलं की मुंजाजी सायकल हातात धरून त्याच रस्त्यानं चालत जायचा. फाटकावर बाप-लेकाची भेट व्हायची. आधी पानं बघायची, मग वेळ ऐकायची, मग आश्रुबा सायकलवर बसून सेलूला जायचा. संध्याकाळी जिनातून आला की केशरबाई करडीचं तेल कोमट करून द्यायची आणि मुंजाजी पोराच्या पिंढऱ्या चोळायचा. सायकल चालवणाऱ्या पायाची पिंढरी वर चढून गोळा होऊन बसलेली. ती रोज थोडी थोडी खाली उतरत, लांब होत चालली. मुंजाजीच्या अंगठ्याला ते कळायचं.

एक दिवस पोराला टाच कशी टेकवायची ते काही केल्या जमेना. मुंजाजीनं धोतर खोचलं आणि म्हणाला, "बघ." आणि पंचावन्न वर्षांचा म्हातारा, डाव्या पायाची बोटं वाकडी असलेला, बारवेपासून बाभळीपर्यंत पळत गेला आणि पळत आला. धूळ सुद्धा उडाली नाही. आश्रुबा तोंड उघडं टाकून बघतच राहिला. "बा," तो म्हणाला, "तुमी लय भारी पळता."

मुंजाजीनं खोचलेला सोगा सोडला. आयुष्यात पहिल्यांदा तो कुणाच्याही पुढं न पळता नुसता पळाला होता, आणि त्याला बरं वाटलं होतं. आपल्याला बरं वाटलं याचंच मग त्याला दिवसभर वाईट वाटत राहिलं.

माघाच्या शेवटी परभणीच्या मैदानावर चाचणी झाली. मुंजाजी गेला नाही. घरीच बसून राहिला आणि केशरबाईनं विचारलेल्या प्रत्येक गोष्टीला उलटं उत्तर देत राहिला. संध्याकाळी आश्रुबा आला. त्यानं आधी बापापुढं दोन्ही मुठी धरल्या आणि उघडल्या. पिंपळाची दोन पानं, कोमेजलेली, पण शाबूत. सहा मिनिटं चोवीस सेकंद! केशरबाईनं पोराच्या तोंडावरून हात ओवाळून कडाकडा बोटं मोडली. मुंजाजीनं ती पानं घेतली आणि भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या तसबिरीमागं जपून खोचून ठेवली. पोरगं नोकरीवर जाईस्तोवर गावात त्यानं जेवढ्यांना ही गोष्ट सांगितली, तेवढ्यांना शेवटी हेही सांगितलं, की आता पळणं संपलं, आता बसून काम.

नोकरीची पत्रं यायची ती किशनराव वाचून दाखवायचा. "मला ठाण्यात बसायचे काम दिले आहे. खुर्ची आहे. काळजी करू नये." मुंजाजी म्हणायचा, खुर्चीचं पुन्हा वाचा. किशनराव पुन्हा वाचायचा. सायकल भिंतीला टेकून होती, आणि चालवणारं कुणी नसलं तरी रोज पुसली जात होती.

वरीस उलटलं. कापसाच्या मोसमात सेलूला कुणी मोठे मंत्री येणार, असा गवगवा झाला. परभणीहून बंदोबस्त येणार म्हणजे आश्रुबा येणारच. केशरबाईनं पहाटे उठून पोराच्या आवडीचे धपाटे थापले, सोबत लसणाची चटणी दिली, फडक्यात बांधलं. मुंजाजी धुतलेलं धोतर नेसून आठ मैल चालत निघाला. वर्दीतलं पोरगं त्यानं अजून धडपणी बघितलं नव्हतं. टेबलाशी बसलेला असेल, आपण दारात उभं राहायचं, मग तोच उठून येईल, असं काय काय त्यानं वाटेत ठरवलं होतं.

बाजारपेठेत मुंगी शिरायला जागा नव्हती. कापसाच्या गाड्या दोन्हीकडं दाबून उभ्या केलेल्या. मुंजाजी एका गाडीच्या चाकाशी उभा राहिला. तेवढ्यात गलका झाला, आली, आली. पांढरी मोटार वळणावरून आत शिरली. तिच्या पुढं चार पोलीस पळत होते. हातांत काठ्या. गुरं हाकलत, माणसं सारत, ओरडत, "बाजूला व्हा! बाजूला व्हा!"

डावीकडून दुसरा आश्रुबा होता.

मुंजाजीनं त्याला चालीवरूनच ओळखलं, तोंड नंतर दिसलं. खांदे ढिले. टाच अलगद टेकत होती. तीन पावलांत श्वास घेत होता, तीन पावलांत सोडत होता. मागून मोटारीनं भोंगा दिला, तरी त्यानं मागं बघितलं नाही. उजव्या हातात काठी होती, आणि डावा हात अर्धवट मिटलेला होता, पिंपळाचं पान धरल्यासारखा. पोरगं अगदी शिकवल्यासारखं पळत होतं. चौघांत तेच चांगलं पळत होतं.

मुंजाजी मोटारीकडं बघू शकला नाही. आत कोण बसलं होतं हे त्याला आजवर माहीत नाही. पोराची नजर आपल्यावर पडू नये म्हणून तो गाडीच्या चाकामागं खाली बसला, गाडीवरून लोंबणाऱ्या कापसाच्या तरटात तोंड खुपसून. पायांचे आवाज जवळ आले, अंगावरून गेले, लांब गेले. बाजूचा माणूस विचारत होता, बाबा, चक्कर आली का? मुंजाजीच्या डोळ्यांपुढं चार वर्षांचं पोर टाळ्या पिटत होतं.

मग तो पोराला न भेटता माघारी फिरला. गावची बारव आली, तेव्हा त्याला हातातल्या फडक्याची आठवण झाली. तो पायरीवर बसला. सकाळपासून पोटात काही नव्हतं. रडत रडत, पाण्याच्या घोटाबरोबर ढकलत, त्यानं सगळे धपाटे संपवले आणि फडकं झटकून त्याची घडी घातली. रिकामं फडकं बघून केशरबाई हरखली.

"खाल्ले का त्यानं? कसा दिसायलाय?"

"चांगला दिसायलाय."

"आन् काय करायला व्हता?"

मुंजाजी पाय धुवायला वळला. "टेबलाशी बसला व्हता," तो म्हणाला. केशरबाईनं ते सगळ्या आळीला जाऊन सांगितलं.

पंधरा दिवसांनी आश्रुबा रजेवर घरी आला. आईनं त्याच्यापुढं धपाट्यांचं नाव काढलं असतं तर सगळंच उघडं पडलं असतं, म्हणून मुंजाजीनं त्याला वेशीतच गाठलं. "मी सेलूला आलतो," तो म्हणाला. "गर्दीत तुझी गाठ पडली न्हाई. तुझे धपाटे मीच खाल्ले. मायला सांगू नकोस."

आश्रुबाचं तोंड पांढरं पडलं. "कव्हा आलता, बा? तुमी कुठं उभं व्हता?"

"लय मागं व्हतो. काय दिसलं न्हाई."

पोरानं सोडलेला श्वास मुंजाजीनं ऐकला. घरी आल्यावर दुपारी आश्रुबा बाजेवर आडवा झाला. मुंजाजीनं करडीचं तेल कोमट केलं आणि कुणी न सांगता त्याच्या पायाशी येऊन बसला. पिंढरीवर अंगठा ठेवला. लांब, सुटी, सरळ उतरलेली पिंढरी. रोज पळणाऱ्या माणसाची. असली पिंढरी त्या घरात याआधी एकाच माणसाला होती.

"बसून काम हाय ना, आश्रू?" त्यानं विचारलं.

आश्रुबा भिंतीकडं तोंड करून पडला होता. "हाय, बा. खुर्ची हाय."

"मग बरं हाय," मुंजाजी म्हणाला, आणि चोळत राहिला.